गाडीचा मीटर म्हणजे बैलाचा दात नव्हे

बैल बघायला गेलेला माणूस शिंगांचा हिंगूळ बघत नाही. तो तोंड उघडून दात मोजतो, चार पावलं चालवतो, खांद्यावर हात फिरवतो. जुन्या गाडीचंही तसंच, हे आमच्या आण्णांचं मत. फक्त एक अडचण ते सांगायचे : "बैलाचा दात माघारी जात न्हाय. गाडीचा मीटर जातो."

आण्णा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षांतली निम्मीअर्धी कराड-चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाटात गेली. २००८ च्या दिवाळीनंतर त्यांना डायलिसिस सुरू झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी, कराडला. आमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला, डांबरी सोडून दोन किलोमीटर मुरमाचा चढ. सकाळी जाताना त्रास नव्हता, एसटीत कंडक्टर त्यांना मानानं पुढची शीट द्यायचा. हाल यायचे परतताना. चार तास मशीनवर पडून उठलं की प्रेशर उतरायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे, आणि अशा अवस्थेत वडापाच्या जीपमध्ये चौदा माणसांत बसायचं. डाव्या हाताला फिस्टुला केलेला. तो हात छातीशी धरून, कुणाचं कोपर लागू नये म्हणून आण्णा सगळी वाट अंग चोरून बसत. ज्या माणसानं आयुष्यभर पन्नास-पन्नास माणसं घरी पोचवली, तो दर मंगळवारी वडापात असा घरी यायचा. भाड्याची गाडी केली तर खेपेला आठशे रुपये. महिन्याच्या आठ खेपा. हिशेब कुणालाही जमेल असा होता.

२००९ च्या उन्हाळ्यात उसाचं बिल आलं आणि नव्वद हजार बाजूला काढले. मला जीप हवी होती, उघड्या टपाची, चढाला गुरगुरणारी. मामाचं म्हणणं ओम्नी घ्या, सरकता दरवाजा आहे, सुगीत चार पोतीही येतील. जीपचं आण्णांनी दोन वाक्यांत संपवलं. पाट्यांवरची गाडी, खड्ड्यात माणूस वर उडतो, फिस्टुल्याचा हात कुठं धरू? ओम्नीला तर ते हसलेच. "एसटीत इंजनाला मांडी लावून तीस वर्सं काढली. आता पुन्हा बुडाखाली इंजन? नको बाबा."

राहिली मारुती ८००. बारा इंची चाकं, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मला ती बाईमाणसांची गाडी वाटायची. आण्णांचा हिशेब वेगळा होता. तिचा पार्ट पाटणातही मिळतो, तिला न खोललेला मिस्त्री तालुक्यात नाही, आणि शुक्रवारी गाडी बंद पडली तर शनिवारपर्यंत थांबायला त्यांचं शरीर तयार नव्हतं. भरवशाची म्हणजे न बिघडणारी नव्हे, बिघडली तर त्याच दिवशी सुधारणारी, असा त्यांचा अर्थ. एकच अट त्यांनी घातली : २००० नंतरची, एमपीएफआयची बघायची. कार्ब्युरेटरवाली पावसाळ्यात सकाळी चोक ओढत बसायला लावते.

पहिली गाडी एका एजंटाकडं बघितली. लाल, आरशासारखी चमकणारी, मीटरला अठ्ठावीस हजार. आण्णांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. म्हणजे आम्ही येण्याआधी कुणीतरी चालू करून ठेवलेली; थंड इंजिन कसं उठतं ते आम्हाला दिसू नये म्हणून. मग क्लचच्या पेडलचं रबर बघितलं, ते झिजून गुळगुळीत झालेलं. अठ्ठावीस हजारात रबर एवढं झिजत नाही. शेवटी त्यांनी पुढच्या शीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. आतल्या टोकाला पिवळसर गाळाची रेघ होती. गाडी मुंबई पासिंगची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या किती गाड्या पुढं धुऊन-पुसून घाटावर आल्या असतील, देव जाणे. एजंट म्हणाला, "काका, धूळ असंल." आण्णा म्हणाले, "धूळ रेघ मारीत न्हाय." आणि चहा न घेता उठले. ते चहा नाकारत नसत, म्हणून लक्षात आहे.

अशा पाच गाड्या झाल्या. एकीच्या ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा फेस, म्हणजे ऑइलात पाणी. एकीचा धूर निळा, म्हणजे इंजिन ऑइल खातंय. एकीला त्यांनी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायला लावला. इंजिन लगेच बंद पडायला हवं; ते मजेत चालत राहिलं. क्लच गेलेला. मी वैतागलो होतो. आई तर म्हणाली, पोरीला स्थळं बघताना एवढी चिकित्सा केली नव्हती.

सहावी मिळाली ओगलेवाडीत, एका निवृत्त शिक्षकांची. २००३ ची, पांढरी, एमएच ११, डाव्या दाराला पोचा, एसी नाही. त्यांनी पोचा आधी दाखवला आणि मग गाडी. सकाळी सातला गेलो तेव्हा बॉनेट गार होतं. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्याला उठलं. आण्णा डोळे मिटून ऐकत उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "मी चालवून बघतो."

आदला दिवस मशीनचा नव्हता, अंगात ताकद होती. तरी मी घाबरलो. स्टेअरिंगला पॉवर नाही, पण गाडीच हलकी, साडेसहाशे किलोची. एसटीचं स्टेअरिंग उभं राहून ओढणाऱ्या माणसाला ते ताटातल्या भाकरीसारखं वाटलं असावं. ओगलेवाडीच्या रस्त्याला त्यांनी दुसरा, तिसरा, चौथा टाकला आणि मोठ्यानं हसले. डायलिसिस सुरू झाल्यापासून त्यांचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. "आरं, ही तर खोंड हाय!"

पंच्याऐंशी हजाराला व्यवहार ठरला. त्यावर जुनं बँकेचं कर्ज चढवलेलं होतं, म्हणून आण्णांनी बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय विसार सोडून पैसे दिले नाहीत. २९ आणि ३० वर सह्या समोर घेतल्या.

पहिल्या पावसात आमच्या मुरमाच्या चढाला चाकं फिरायला लागली. आण्णा बाजूला बसून म्हणाले, गाडी वळव आणि रिव्हर्सला वर घे. मला चेष्टा वाटली. पण या गाडीची ताकद पुढच्या चाकांना, आणि उलटं चढताना सगळं वजन त्याच चाकांवर येतं. मान मागं करून दोन वळणं उलटा चढलो, तर पारावरची माणसं उठून बघायला लागली. जीप घेतली असती तर कुणी मानही वळवली नसती.

तीन वर्षं मंगळवार-शुक्रवार चुकला नाही. परतताना आण्णा शीट मागं पाडून, हात पोटावर ठेवून पडून असत. डोळे मिटलेले, पण कान इंजिनाला. चढाच्या पायथ्याशी आलो की तसेच म्हणत, "दुसरा टाक."

२०१२ च्या श्रावणात ते गेले. २०१८ ला गाडीची पंधरा वर्षं भरली, तेव्हा भाऊ म्हणाला, देऊन टाकू. आईनं ऐकलं नाही. पासिंग पुन्हा करून घेतलं, हरित कर भरला, तळाचा पत्रा दोन ठिकाणी जोडला. आता आईला पाटणच्या बाजाराला नेतो. ती आण्णांच्याच शीटवर बसते. तिला गिअर म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण चढाच्या पायथ्याशी आलो की पिशवी मांडीवर सावरत म्हणते, "दुसरा टाक की आता."