मनोऱ्यावरचा उन्हाळा

१२ मे. सहालाच मनोऱ्यावर चढलो. नऊनंतर लोखंडी कठड्याला हात लावायची सोय नसते.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. तेवढ्यापुरतेच काका आणि मी अग्निरक्षक. पुढं मी धानाच्या बांधीत, काका त्यांच्या बकऱ्यांमागं. काम म्हणजे बघत बसणं. सुरुवातीला मला प्रत्येक वावटळ धूर वाटायची. काका म्हणायचे, “थांब ना बाबू. धूळ उठते आन बसते. धूर बसत नाही.”

मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा पाचोळा पेटवतात, फुलं नजरेत यावीत म्हणून. मग तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग. शिव्या घालणं सोपं आहे, पण माझी आजीही मोहाखाली काडी लावायचीच. तिच्या टोपलीतल्या फुलांवर आमच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघायचा. हे मी वरिष्ठांना सांगत नाही.

परवा रात्री डोंगराच्या अंगावर लाल दोरा सरकताना दिसला. वायरलेसवर कळवून निघालो. जाळरेषा गाठली, ब्लोअरनं पाचोळा मागं लोटत गेलो. काका हिरव्या डहाळीनं झोडपत होते. पाण्याची कॅन मी घाईत कुटीतच विसरलो होतो. काका एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. पहाटे परतलो तेव्हा चपलेचा तळवा वितळून एका बाजूला वळला होता.

आज दुपारी गोणपाटात गुंडाळलेल्या मडक्यातलं पाणी, आंबील, कांदा. खाली पाणवठ्यावर अस्वल आलं, पाणी प्यालं, गेलं. धूर कुठं नाही. काका घोरताहेत.