लाखमोलाचं नाणं

छंद कोणाला कसला असेल सांगता येत नाही. माझ्या रूम पार्टनरला झोपण्याचा आहे. मला सुट्ट्या पैशांचा आहे. साठवण्याचा नव्हे (महिनाअखेरीला साठवायला उरतं काय?), बघण्याचा! कँटीनवाल्याने परत दिलेलं प्रत्येक नाणं मी उलटसुलट करून बघतो. टाकसाळीत चुकलेलं एखादं सापडेल म्हणून.

सगळ्यांत सोपी चूक आधी सांगतो. सिंहाची बाजू सरळ करून नाणं वरखाली दोन बोटांत धरा आणि आडवं फिरवा. मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरकी किंवा उलटी आली, तर छापताना एक डाय फिरलेला होता असं समजा. रुळावर ठेवून किंवा हातोडीने ठोकून हा प्रकार जमत नाही. बाकी चुकांच्या बाबतीत मात्र भलेभले फसतात. मी भला नसूनही फसलो.

आमच्या हॉस्टेलच्या गेटवर रात्रपाळीला एक मामा असतात. एके रात्री त्यांनी हाक मारली, "काय इंजिनेर, हे बघ जरा." कागदाच्या पुडीत पाच रुपयांचं जुनं, जाडजूड नाणं होतं. सिंहाच्या बाजूवर मधोमध आरशात दिसावा तसा उलटा 5, आत दबलेला.

माझ्या छातीत धडधडायला लागलं. नाणी जमवणारे ज्याला 'लाखी' म्हणतात, ते हेच की! छापलेलं नाणं कधी कधी बाहेर न पडता डायलाच चिकटून बसतं. मग पुढच्या कोऱ्या चकतीवर डायऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा ठसा उमटतो, उलटा आणि खोलगट. मी उत्साहात बोलून गेलो, "मामा, ही लाखी दिसते!"

मामांनी त्यातलं फक्त 'लाख' ऐकलं.

चार दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेतलं. मुलाने मोबाईलवरची जाहिरात बघून नाण्याचा फोटो पाठवला होता. समोरचा माणूस दोन लाख देणार होता, पण आधी फाईलचे एकोणतीसशे भरायचे होते. "तुझ्या फोनवरून टाक, पगार झाला की देतो. पोरीच्या नर्सिंगची फी भरायचीय." एकोणतीसशे म्हणजे ट्वेंटी नाइन हंड्रेड, हे कळायलाच मला दोन मिनिटं लागली (कॉन्व्हेंटचा प्रसाद!). मग घाम फुटला.

मी सांगितलं की मामा, ही फसवणूक आहे. आपल्या नावाने जुनी नाणी विकत घेतो सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका, आम्ही असले व्यवहार करत नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलं होतं. मामांनी मोबाईलवर त्याच बँकेचा शिक्का मारलेलं पत्र दाखवलं. आणि वर म्हणाले, "तो माणूस खोटा असंल. पण नाणं तर खरं ना? तूच म्हणालास."

त्या रात्री मी नाणं रूमवर आणलं आणि टेबल लॅम्पखाली भिंगातून नीट पाहिलं. हे आधीच करायला हवं होतं. लाखीत चिकटलेलं नाणं डाय पूर्ण झाकतं, त्यामुळे त्या बाजूचं मूळ चित्र उमटूच शकत नाही. इथे तर सिंह जागेवर होते! जरा चेपलेले, आणि त्यांच्या अंगावर तो 5. म्हणजे नाणं आधी नीट छापलं गेलं होतं, 5 नंतर आला. मागची बाजू पाहिली. तिथला उठावाचा 5 वरून सपाट झालेला आणि त्यावर बारीक आडव्यातिडव्या रेघांची जाळी.

ती जाळी मी ओळखली. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी न लावताच जॉब व्हाइसमध्ये आवळला होता, तेव्हा माझ्या जॉबवर हीच नक्षी उमटली होती आणि सरांनी मार्क कापले होते. कोणीतरी दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये पिळली होती. बस्स.

सकाळी गेटवर सगळं सांगितलं. मामा ऐकत राहिले. "म्हणजे कुणी मुद्दाम केलंय?"

"हो. गंमत म्हणून."

"मग त्या दिवशी तसं का बोललास?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे गेले नाहीत एवढंच. दोन दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. रजिस्टर पुढे सरकवायचे, मी सही करायची.

तिसऱ्या रात्री त्यांनी एक रुपयाचं नाणं काढलं. त्यावर कडेपासून आत आलेली वेडीवाकडी रेघ होती. यावेळी मी घाई केली नाही. नख फिरवलं. ओरखडा असता तर रेघ खोल लागली असती. ही उठावाची होती. डायला तडा गेला की चकतीचा धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर अशी उभारलेली रेघ येते.

"मामा, ही खरी टाकसाळीची चूक."

"किती येतील?"

"फार काही नाही. अशी बरीच सापडतात."

त्यांनी नाणं माझ्या हातातून घेतलं, स्वतः नख फिरवून पाहिलं आणि पुन्हा खिशात टाकलं.