काटा वाचायला कुणीतरी

लहानपणी काटा म्हटलं की एकच काटा डोळ्यांपुढे यायचा, कारखान्याचा. शिरोळ तालुक्यातलं आमचं गाव, कृष्णाकाठची काळी माती, आणि दिवाळी सरली की रात्रंदिवस रस्त्यानं करकरत जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्या. तोडलेला ऊस उन्हात सुकतो, त्यातलं पाणी उडतं आणि वजन घटतं. गाडी काट्यावर लवकर चढावी म्हणून आमच्या आबांचा जीव वरखाली व्हायचा. रांगेत एक रात्र मोडली की सकाळी मोळीवरून हात फिरवत ते म्हणायचे, "घटला गं." वजन घटणं हा शब्द मी पहिल्यांदा असा ऐकला, घरातलं कुणी गेल्यावर माणसं बोलतात तसल्या आवाजात.

भरलेली गाडी काट्यावर चढायची, आकडा लिहिला जायचा. ऊस उतरला की रिकामी गाडी चढायची, पुन्हा आकडा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे आमचा ऊस, म्हणजे आमची वर्षभराची वह्या-पुस्तकं, घरावरची कौलं, थोरल्या बहिणीचं लग्न. काटा मारला, अशी कुजबुज रांगेत कायम असायची. खरी किती, खोटी किती, देव जाणे. पण आबांची एक रीत होती. ते आपल्या गाडीचा आकडा स्वतः कधी वाचायचे नाहीत. शेजारच्या रानातल्या तात्यांना पुढं उभं करायचे आणि तात्यांच्या गाडीला स्वतः उभे राहायचे. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "माझा डोळा माझ्या बाजूनं बघतोय. तात्याचा नीट बघतोय."

दुसरा काटा सरकारी दवाखान्यातला. धाकटा भाऊ आठ-नऊ महिन्यांचा होता, अशक्त. त्याला एकट्याला काट्यावर बसवता येईना, रडून गोंधळ घालायचा. नर्सबाईंनी त्याला आईच्या कडेवर देऊन दोघांचं मिळून वजन केलं. मग भावाला माझ्या हातात दिलं आणि आईला एकटीला उभं केलं. गाडीसारखीच वजाबाकी. आकडा निघाला तसा आईचा चेहरा उतरला. मी त्याला छातीशी धरून उभी होते आणि मला तो फार जड वाटत होता, हे मात्र पक्कं आठवतं.

मिरज स्टेशनवरच्या काट्याबद्दल काय सांगू! लाल-पिवळे दिवे, काचेआड गरगरणारं चक्र, नाणं टाकलं की खटकन बाहेर येणारं पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भावंडं भविष्यच वाचायचो.

पुढची पंचवीस-तीस वर्षं माझ्या आयुष्यात काटा नव्हता. लग्न, कोल्हापूर, दोन बाळंतपणं, शाळेतली नोकरी. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं संपवायचं आणि रात्री उशिरा जेवायचं, हे इतकं अंगवळणी पडलं की शरीराकडे बघायला उसंतच झाली नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी गुडघे बोलायला लागले तेव्हा दवाखान्यात गेले. काटा बाहेरच्या खोलीत, रांगेतल्या माणसांसमोर ठेवलेला. तिथल्या मुलीनं आकडा बघितला आणि आत टेबलावर बसलेल्या दुसरीला ओरडून सांगितला, "अठ्ठ्याहत्तर पॉइंट चार!" वीसेक माणसं होती. तिच्या मनात वाईट काही नसणार, घाईत होती. पण तो आकडा मी पदराखाली झाकल्यासारखा घरी आणला आणि कित्येक वर्षं कुणाला सांगितला नाही.

मग घरात वापरायचा काटा घेतला. खाटेखाली ठेवायचे, पहाटे दार लावून त्यावर उभी राहायचे. तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात सोडलं. पहिल्या पंधरवड्यात दोन किलो भराभर उतरायचे, मग काटा जागचा हलायचा नाही. माझ्यातच काही कमी आहे, निश्चय नाही, असं वाटून मी रडले आहे. त्याचं कारण पुढे एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं. खाणं कमी केलं की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरतं. त्या साखरेच्या दर ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, ते तिच्याबरोबर निघून जातं. पहिले दोन किलो बहुतेक पाणीच. खरी चरबी जाते सावकाश. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी, आणि तासाभराच्या माझ्या चालण्यात जेमतेम दीडशे-दोनशे जळायच्या. म्हणजे नुसत्या चालण्यावर एक किलो उतरवायचा तर चाळीस-पन्नास सकाळी लागणार. हे गणित आधी कुणी सांगितलं असतं, तर मी स्वतःला इतकं बोलले नसते.

आमच्या गल्लीत बायकांची भिशी होती. महिन्याला एकीच्या घरी जमायचं, पैसे गोळा करायचे, चिठ्ठी काढायची आणि मग शिरा, बटाटेवडे, वर साखर घालून घोटलेला चहा. एका भिशीला समोरच्या घरातल्या अक्का वडा हातात घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "मला डॉक्टरनी गुडघा बदलायला सांगितलंय. वजन उतरल्याशिवाय करणार नाहीत. माझ्याच्यानं एकटीच्यानं होत नाही बघा." एवढंच. इतकी सरळ कबुली मी त्या वयाच्या बाईच्या तोंडून ऐकली नव्हती. बारा जणींत शांतता झाली आणि मी माझा आकडा सांगून टाकला. अठ्ठ्याहत्तर पॉइंट चार. पाच वर्षांनी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटला, तेव्हाही तो तितकाच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला रंकाळ्यावर चौघी होतो. अक्का, मी, सगळी गल्ली ज्यांना मामी म्हणते त्या मामी, आणि बँकेत नोकरी करणारी चौतिशीची एक पोर, जिला आम्ही धाकटी म्हणायला लागलो. नोव्हेंबर होता. तळ्यावर धुकं, संध्यामठ अर्धा पुसल्यासारखा, शालिनी पॅलेसच्या बाजूनं गार वारं. अक्का पाच मिनिटांत बसल्या. आम्ही तिघीही बसलो. पहिल्या आठवड्यात आम्ही चाललो कमी आणि बसलो जास्त, पण उठलो रोज. कारण निघायच्या वेळी अक्का दारात उभ्या राहून कडी वाजवायच्या आणि म्हणायच्या, "आलासा का?" त्या कडीला नाही म्हणणं अवघड होतं. आणि त्यांची कडी कोण वाजवायचं? ज्या दिवशी त्यांचा गुडघा ठणकायचा, त्या दिवशी मी.

काटा माझ्या घरातला होता. रविवारी सकाळी चौघी माझ्या पडवीत जमायला लागलो. तिथं मला आबांची रीत आठवली. आपला आकडा आपण वाचायचा नाही, दुसरीनं वाचायचा आणि तिनंच वहीत लिहायचा. धाकटी माझा वाचायची, मी मामींचा, मामी अक्कांचा, अक्का धाकटीचा. काट्यावर उभी राहिले की मी समोर भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघायचे. धाकटी खाली वाकून हळू आवाजात सांगायची. दवाखान्यातला तोच आकडा या आवाजात ऐकताना मला पदर ओढून घ्यावासा वाटला नाही.

अक्कांनी त्यावर आणखी एक काढलं. भिशीत पैसा एकटीचा नसतो, तसं वजनही मिळून धरायचं. चौघींची बेरीज करायची आणि तीच आमची. पहिल्या रविवारी अक्का ८४.१, मी ७८.४, मामी ६६.३, धाकटी ५३.२. बेरीज २८२. त्या बेरजेनं आम्हाला तिसऱ्या आठवड्यातून पार नेलं. माझा काटा अडला तेव्हा मामींचा उतरत होता, अक्कांच्या घरी पाहुणे आले तेव्हा माझा उतरला. बेरीज खाली येत राहिली.

धाकटीचं मात्र वेगळं होतं. अंगानं काटकुळी, तरी तिला साखर निघालेली. तुला कशाला चालायला पाहिजे, असं घरचे म्हणायचे. तिनंच आम्हाला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट वाचून दाखवली. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे दोघांचे फोटो छापले. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, निर्देशांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. बाहेरून बारीक, आतून चरबी, असा आपल्याकडच्या पुष्कळांचा देह. हे ऐकल्यावर धाकटीसाठी आम्ही शिवणकामाची टेप आणली. बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा म्हणतात, तिचा ८४ होता. वहीत तिच्या नावापुढे वजनाशेजारी घेरही लिहायला लागलो. तिच्या बाबतीत मी घेराचा आकडा जास्त मानते, कारण काट्यावर ती पहिल्यापासून पास होती.

जूनपर्यंत बेरीज २६५.५ झाली. अक्का ७८.८, मी ७२.९, मामी ६१.२, धाकटी ५२.६. अक्का न बसता अख्खी फेरी मारायला लागल्या. तालमीत जोर करायला जोडीदार लागतो म्हणतात, तशी आमचीही एकमेकींच्या पावलांना सवय झाली होती. कोण आज गप्प आहे, कुणाचा रात्री घरात वाद झाला, हे चालण्यावरून कळायचं.

आणि मग पावसाळ्यात बेरीज भराभर उतरायला लागली. पहिल्या रविवारी आम्ही खूश झालो, हे मी लपवणार नाही. दुसऱ्या रविवारीही. वही उघडून नुसती बेरीज बघितली आणि पुढच्या गप्पांना लागलो. तिसऱ्या रविवारी मी मामींचा आकडा वाचायला वाकले आणि तशीच थांबले. ६१.२, ६०.१, ५८.८, आणि आज ५७.४. अक्का, मी, धाकटी, तिघी जागच्या जागी. उतरत होत्या एकट्या मामी. "घटला गं," हा आबांचा आवाज मला इतक्या वर्षांनी कानाजवळ ऐकू आला.

"मामी, जेवताय ना?"

"भूकच नाही बघ. पावसाची हवा."

संध्याकाळी अंग कोमट होतं, महिन्याभराचा खोकला आहे, हे मग एकेक करून निघालं. दुसऱ्याच दिवशी अक्का त्यांना हाताला धरून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. वजन उतरवायला आलेल्या बाईचं वजन उतरतंय, यात संशय कोण घेणार? आमची बेरीज तर उलट ते झाकत होती. एकेकीचा आकडा वेगळा लिहिलेला होता म्हणून सापडलं. बेरीज आम्ही त्या दिवसापासून बंद केली. अक्कांनीच वहीत रेघ मारली.

क्षयाच्या गोळ्या किती, हेही वजनावर ठरतं. मोठ्या माणसाला ३५ ते ४९ किलोला दिवसाला तीन, ५० ते ६४ ला चार. उपचार सुरू झाले तेव्हा मामी ५६.८, म्हणजे चार. औषध सहा महिने आणि फुकट. आरोग्य खात्याच्या आशाताईंनी सांगितलं, पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढायला पाहिजे, तिकडे लक्ष ठेवा. धाकटीनं शोधून काढलं की झारखंडमध्ये क्षयरुग्णांना दर महिन्याला शिधा देऊन मोठा अभ्यास झाला आणि तो २०२३ साली छापून आला. ज्यांचं वजन दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. मामींचे पाच टक्के म्हणजे ५९.६ च्या पुढे जायला हवं. वहीच्या नव्या पानावर धाकटीनं तो आकडा लिहून त्याभोवती गोल केला.

मामींचं रंकाळ्यावर येणं थांबलं. आम्ही तिघी चालून आल्यावर त्यांच्या अंगणात मोकळ्या हवेत, जरा अंतर ठेवून बसायचो. त्या तोंडाला पदर बांधून उंबऱ्याशी. सहा महिने ज्या शेंगदाणा-गुळाच्या लाडवांना आम्ही हात लावला नव्हता, ते अक्का दर आठवड्याला वळायला लागल्या. गुळाच्या वासानं घर भरायचं. मी अंडी उकडायचे, धाकटी येताना गंगावेशीतून धारोष्ण दूध आणायची, घरी चांगलं उकळून मग मामींना द्यायची. "तुम्ही खाऊ नका, मला खायला घालता," मामी म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. पहिला महिनाभर काटा हलला नाही. गोळ्यांनी मळमळायचं, ताट तसंच परत यायचं. एका सकाळी त्यांनी काट्यावर उभं राहायलाच नकार दिला. अक्का तिथंच पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या. आम्ही बसतो." अर्ध्या तासानं मामी आपणहून उठल्या.

दोन महिने भरले तो रविवार सप्टेंबरातला. पाऊस उघडला होता, अंगणातली शहाबादी फरशी अजून ओली होती. मी काटा फडक्यानं पुसून सपाट जागा बघून ठेवला. मामींनी चपला काढल्या, तुळशीकडे तोंड केलं, डोळे मिटून वर चढल्या. अक्का आणि धाकटी फाटकाशी उभ्या होत्या, वही धाकटीच्या हातात. मी खाली वाकले.

"किती गं?" मामींनी विचारलं.

"एकोणसाठ पॉइंट आठ," मी म्हटलं, आणि धाकटीनं लिहून घ्यावं म्हणून पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हटलं.