नाव घातलेला डबा

'गाव मांडवा' असं सांगितलं की पुढे काय होतं, ते मला आता पाठ झालंय. समोरचा खुर्चीत सावरून बसतो, आवाज घोगरा करतो आणि 'अग्निपथ'मधला अमिताभ सुरू! हॉस्टेलवर तर पहिले सहा महिने माझं नाव कोणी घेतच नव्हतं. (२०१२च्या नव्या 'अग्निपथ'मधलं मांडवा तर चक्क दीवला शूट झालंय. असो.) खऱ्या मांडव्यात कांचा चीना नाही. जेट्टी आहे, गेटवेला जाणारी लाँच आहे, आणि त्या लाँचमधून सणासुदीला जाणारे डबे आहेत.

आमच्याकडचा एक डबा स्टीलचा, पाच किलोचा. झाकणावर मशीनने आजीचं नाव घातलेलं आणि खाली काकाच्या लग्नाची तारीख. काका शिवडीला राहतो. डबा वर्षभर मांडवा ते शिवडी आणि शिवडी ते मांडवा फिरत असतो. पूर्वी पावसाळ्यात लाँच बंद झाली की एसटीने पेण-वडखळ फिरून जायचा. २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि डब्याची सोय झाली. मुंबईला जाणारं कोणीही तो न्यायचं. २०२२ला मी कॉलेजला आले आणि हे खातं माझ्याकडे आलं.

आता डबा भरणं हे काय शास्त्र आहे का? आहे! रिकामा डबा परत पाठवायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे तुमच्याही घरी असेलच. पण भरायचं काय? आईचा नियम साधा आहे, त्यांच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं ते भरायचं नाही. म्हणून इथून जातात कडवे वाल, आगोटीच्या आधी वाळवून ठेवलेले सोडे, घरची चिंच. कोकमाचं आगळ मात्र काचेच्या बाटलीत. मीठ आणि आंबट एकत्र आलं की स्टीललासुद्धा बारीक खड्डे पडतात. (मटेरियल सायन्सवाल्यांनी होकार द्यावा.) आणि सोडे चुकूनही आइस्क्रीमच्या प्लॅस्टिक डब्यात नकोत. त्या डब्याला पुढे दहा वेळा घासलं तरी त्यात ठेवलेला लाडू सोड्यांचाच लागतो. उलट दिशेने काकू नानकटाई पाठवायची, कारण आजीला दात नव्हते.

दिवाळीचा डबा मात्र आजी स्वतः भरायची. आधी रव्याचे लाडू, मग त्यावरून शंकरपाळे ओतायचे आणि डबा जमिनीवर दोनदा हलकेच आपटायचा. शंकरपाळे लाडवांच्या मधल्या फटीत उतरायचे. सारख्या आकाराचे गोळे नुसते ओतले तर साधारण ६४ टक्के जागा भरते आणि कितीही शिस्तीत रचले तरी ७४ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. केप्लरने १६११ साली हे म्हटलं आणि हेल्स नावाच्या गणितज्ञाने ते १९९८ साली सिद्ध केलं. आजीला उरलेल्या जागेची काळजी होती, कारण लाटेत लाँच हलते, लाडू एकमेकांवर आपटतात आणि शिवडीला रवा पोचतो. सिव्हिलवाले म्हणतील हे तर काँक्रीट, खडी आणि वाळू. हो, तेच!

या डब्याचं एवढं कौतुक का, तर दोन घरांमध्ये दुसरं काही जातच नव्हतं. आमच्याकडे जमिनींचे भाव चढले, बंगले आले आणि एक तुकडा विकण्यावरून २०१६ साली बाबा आणि काका यांचं बिनसलं. फोन बंद, येणंजाणं बंद. डबा तेवढा चालू राहिला, कारण तो आजीचा होता. त्याला 'नको' म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

२०२४च्या श्रावणात आजी गेली. तेराव्याला दोघे भाऊ शेजारी बसले आणि भटजींनी विचारलं तेवढंच बोलले. डबा तेव्हा शिवडीला होता.

मग दिवाळी आली. घरात कोणी गेलं की त्या वर्षी फराळ करत नाहीत, शेजारपाजारचे आणून देतात. इथे तर दोन्ही घरांना सुतक एकाच माणसाचं! सुट्टीला घरी निघताना मी शिवडीला गेले, तर काकूने डबा भरूनच ठेवला होता. त्यात तळमजल्यावरच्या गुजराती काकूंचे घुघरे, समोरच्या तमिळ आजींचं मुरुक्कू, कोणाच्या तरी करंज्या. त्यांना मिळालेल्यातला अर्धा वाटा.

आईने झाकण उघडलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने आमच्या आळीतून आलेले अनारसे, चकल्या काढल्या आणि निम्मे बाजूला ठेवले. बाबांनी ताटलीतला घुघरा खाल्ला. म्हणाले, "हे कोणाकडचं?"

"डबा आलाय," आई म्हणाली.

बाबांनी दुसरा घुघरा घेतला. एवढंच. सिनेमात असतं तसं काही झालं नाही.

होळीला पुन्हा घरी गेले होते. निघायच्या दिवशी बाबा सकाळीच कार्ल्याकडून पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन आले. मी ती डब्यात कोंबायला लागले तर ओरडले, "कांद्याला हवा लागते गं, कोंडलास तर कुजेल. हातात धर." कोणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लाँचमध्ये तासभर ती माळ मांडीवर घेऊन बसले. अख्ख्या डेकला वास!

काकाने दार उघडलं, माळ बघितली. "आईने दिली?"

"बाबांनी."

तो आत गेला, हातोडी शोधली आणि स्वयंपाकघरात खिळा स्वतः ठोकला. जेवताना म्हणाला, यंदा कांदा लहान आहे पण गोड आहे.

डबा सध्या माझ्या खोलीत आहे, शनिवारच्या रो-रोने मांडव्याला जाईल. काकूने या वेळी काय भरलंय ते इथे लिहीत नाही. आमच्या मजल्यावर हे मासिक वाचणाऱ्या मुली बऱ्याच आहेत आणि झाकण तसं सैल आहे.