नव्वद दिवसांच्या पलीकडे

कारखाना बंद पडला की फाटकावर नोटीस लागते, कामगाराच्या हाती पत्र येते, देण्याघेण्याचा हिशेब होतो आणि तो पटला नाही तर कामगार न्यायालयात जाता येते. बांधकाम थांबते तेव्हा यातले काहीच होत नाही. ‘उद्यापासून येऊ नका’ एवढे मुकादमाने सांगितले तरी पुष्कळ. अनेकदा सकाळी नाक्यावर टेम्पो येत नाही आणि त्यावरूनच काम संपल्याचे कळते. काम गेलेल्या बांधकाम कामगारांना नवे कौशल्य शिकवण्यासाठी सरकारी अनुदानाचे प्रस्ताव तयार करणे आणि संस्थांनी केलेले प्रस्ताव तपासून देणे हा माझा व्यवसाय. या प्रस्तावांत अभ्यासक्रमावर पाने भरलेली असतात: किती तास, कोणती अवजारे, कोणते प्रमाणपत्र. प्रस्ताव अडतो, किंवा मंजूर होऊनही वाया जातो, तो मात्र दुसरीकडेच. हा माणूस बांधकाम कामगार आहे हे कोणाच्या सहीने ठरायचे आणि तो शिकत असेल त्या दिवसांत त्याच्या घरची चूल कशावर पेटायची, या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर बाकीचा मजकूर कितीही नेटका असला तरी व्यर्थ. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांपुरते बोलायचे, तर दोन्ही उत्तरांची सामग्री सरकारी चौकटीतच पडून आहे. अर्जदार बदलावा लागेल आणि खर्चाचा क्रम उलटा करावा लागेल, असे माझे मत आहे.

या भागात बांधकामाला तोटा नाही. पनवेल–कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचे सुमारे तीस किलोमीटरचे काम, त्यातला वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा, द्रुतगती मार्गावरचा खोपोली ते कुसगाव ‘मिसिंग लिंक’. शिवाय कर्जत, नेरळ, चौक परिसरातली फार्महाऊस, बंगल्यांच्या योजना, रिसॉर्ट. पण बोगदा खणणारी टोळी ठेकेदाराबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच पुढच्या प्रकल्पावर जाते. वाडीतल्या माणसाच्या वाट्याला बिगारीकाम येते: माती, खडी, क्युरिंगचे पाणी, फार तर रात्रीची राखण. बंगल्यांवर जरा बरे. तिथे गवंड्याच्या हाताखाली वीटकाम, प्लॅस्टर, सेंट्रिंग शिकता येते, पण पाऊस लागला की तेही मंदावते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात, मग लावणी, मग मिळेल ते काम. तेव्हा काम जाणे ही इथे एकदाच घडणारी घटना नसते. दरवर्षीचा पावसाळा, प्रकल्पाचा शेवट आणि २०१६ ची नोटाबंदी किंवा २०२० ची टाळेबंदी यांसारखा धक्का, अशा तीन वाटांनी ते जाते आणि तिन्ही वेळा मागे एकही कागद उरत नाही.

कायदा मात्र कागदावर उभा आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा. महाराष्ट्राचे कल्याणकारी मंडळ स्थापन झाले २०११ मध्ये. १८ ते ६० वर्षे वयाच्या ज्या कामगाराने आधीच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केले, त्याची नोंदणी होते. दाखला ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा, शहरात नगरपरिषदेचा; नूतनीकरणाला पुन्हा तसाच दाखला. या कायद्याच्या कलम १४ कडे फारसे कोणी पाहिले नाही. वर्षात ९० दिवस काम झाले नाही तर लाभार्थी म्हणून नाव संपते, असे ते सांगत होते. कामावर अपघात होऊन घरी बसावे लागले तर ते दिवस हिशेबातून वगळतात. काम नव्हते म्हणून घरी बसला त्याला ती सवलत नाही. म्हणजे ज्या वर्षी माणसाला नवे काही शिकण्याची सर्वांत जास्त गरज, नेमके त्याच वर्षी मंडळाच्या लेखी तो कामगारच राहत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने कौशल्यविकास हे मंडळाचे काम म्हणून स्पष्ट लिहिले, ते चांगलेच झाले. पण नव्वद दिवसांची अट तिनेही तशीच पुढे नेली. पैसा नाही म्हणून हे घडते म्हणावे तर तसेही नाही. जमिनीची किंमत सोडून बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर याच कामासाठी जमा होतो आणि कर्जतच्या डोंगरउतारावरचा मोठा बंगलाही त्याला अपवाद नाही. मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमला आणि त्यातले जेमतेम ९,५०० कोटी खर्च झाले. कामगारांसाठी लॅपटॉप आणि वॉशिंग मशिन घेतल्याचाही विषय त्या प्रकरणात निघाला होता. बिगाऱ्याला वॉशिंग मशिन!

कामगारकपातीचा विचार कायद्याने केलाच नाही, असे म्हणता येणार नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीची कल्पना आहे: कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांची मजुरी निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. कल्पना उत्तम, पण तिला मालक लागतो, नेमणूक लागते, कपातीची तारीख लागते. चौकच्या नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचा मालक दर आठवड्याला वेगळा. म्हणून प्रस्तावात ‘कामावरून कमी केलेले कामगार’ हा गट लिहिणेच चुकीचे ठरते. तो सिद्ध करता येत नाही आणि तपासणीत पहिला घाव तिथेच बसतो. गट लिहावा तो ‘मागच्या तीन वर्षांत कधीही बांधकामावर राबलेले’ असा, आणि त्याची साक्ष ग्रामपंचायतीने द्यावी. अर्जदारही तीच असावी. १९९६ च्या कायद्याच्या कलम २२ ने कामगार कल्याणाच्या मान्य योजनेसाठी स्थानिक प्राधिकरणाला कर्ज किंवा अनुदान देण्याची मुभा मंडळाला दिली होती. ती वाट फारशी मळलेली नाही. संस्था प्रस्ताव घेऊन जाते तेव्हा ती बाहेरची असते, तिच्या यादीवर शंका घेतली जाते. ग्रामपंचायत किंवा खोपोलीसारखी नगरपरिषद अर्जदार आणि संस्था शिकवणारी, अशी मांडणी केली तर साक्ष आणि जबाबदारी एकाच ठिकाणी येते.

आता चुलीचा प्रश्न. प्रशिक्षणाच्या अनुदानातला मोठा वाटा केंद्र चालवणाऱ्याला जातो आणि शिकणाऱ्याला चहा-नाश्ता, जाण्यायेण्याचे पैसे. ज्याचे हातावर पोट आहे तो तीन दिवस येतो आणि चौथ्या दिवशी कामाचा निरोप आला की निघून जातो. त्याला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे. शिकण्याच्या दिवसाला मजुरी देणे सरकारला मान्य नाही, अशी समजूत अनेक प्रस्तावकर्त्यांची असते. ती खोटी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत गवंडी हा अठरा व्यवसायांपैकी एक आहे. त्याला प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, आणि अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतच करते. बिगारी त्यात बसत नाही, ही तिची मर्यादा. २०१९ च्या ‘उन्नती’ प्रकल्पात शंभर दिवस रोजगार हमीचे काम केलेल्या कुटुंबातल्या एकाला शिकताना जास्तीत जास्त शंभर दिवस हमीच्या दराने पैसे द्यायचे ठरले. दिल्लीत प्रदूषणामुळे बांधकामे थांबवली तेव्हा, नोव्हेंबर २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कामगारांना निर्वाहभत्ता याच उपकरातून द्यायला सांगितले. जर्मनीत तर २००६ पासून डिसेंबर ते मार्च या कडाक्याच्या थंडीत काम थांबलेल्या बांधकाम कामगारांसाठी हंगामी भरपाईची खास व्यवस्था आहे. आपल्याकडे तेच महिने जून ते सप्टेंबर आहेत आणि ते कधी येणार हे पंचांग न पाहताही सांगता येते. म्हणून प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ मजुरीची असावी, प्रशिक्षकाचे मानधन आणि साहित्य नंतर.

यावर पहिला आक्षेप बोगस नावांचा, आणि तो खोटा नाही. मंडळाकडून नोंदीत कामगारांना मिळणाऱ्या भांड्यांच्या संचासाठी कोणकोण बांधकाम कामगार झाले याच्या कथा गावोगाव आहेत. पण संच एकदा अंगठा दिला की मिळतो. प्रशिक्षणाला रोज यावे लागते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीची रचनाच अशी होती की दर बेताचा आणि काम अंगमेहनतीचे, म्हणजे गरज असेल तोच येईल. इथेही विद्यावेतन हमीच्या दराएवढे ठेवले तर ज्याला बाहेर बरे काम आहे तो येणार नाही. शिवाय गवंडीकाम येते की नाही हे कागदावरून ठरवण्याची गरजच काय? हातात थापी आणि ओळंबा दिला की तासाभरात समजते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: शिकून करायचे काय? बांधकाम पुन्हा वाढले की हे लोक जुन्याच कामाला जाणार. जातील, आणि जावेत. पण बिगारी म्हणून गेलेला गवंडी म्हणून जाणे हेच पुनर्प्रशिक्षण आहे. शिलाई किंवा संगणकाचे वर्ग या भागात मला तरी पटत नाहीत. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शेकडो बंगले वर्षातले बरेच दिवस बंद असतात. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, नळजोडणी, ओल धरलेल्या भिंतींची दुरुस्ती, सौर पाणीतापकाची देखभाल या कामांना माणूस लागतो आणि प्रकल्प संपल्यावरही ती संपत नाहीत. शिकण्याची जागाही शोधावी लागत नाही. ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाचा ४५ दिवसांचा नमुना प्रत्यक्ष घर बांधता बांधता शिकवण्याचा आहे. पीएम-जनमन योजनेत कातकरी कुटुंबांना घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. वाडीतले घर बाहेरच्या ठेकेदाराने घाईने उभे करून देण्याऐवजी त्याच वाडीतल्या पाच-सहा जणांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली बांधले, तर घरही होते आणि कामाचा दाखलाही. त्यातले दिवस बांधकामाचे दिवस म्हणून मंडळाने धरावेत, अशी मागणी प्रस्तावात जोडून करावी. मग नव्वदचा आकडा गाठणे सोपे जाईल. भिंत आणि जोते पावसाआधी, गिलावा, फरशी आणि नळकाम छताखाली पावसात, हा क्रम गवंड्यांना ठाऊकच आहे.

ग्रामपंचायतीला हे झेपेल का, अशी शंका उरते. एकट्या ग्रामसेवकावर टाकले तर झेपणार नाही; हजेरीपट, खात्यांची पडताळणी, उपयोगिता प्रमाणपत्र ही कामे सहयोगी संस्थेनेच करावीत आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात उघड दाखवावा. पंचायतीने करायचे ते नावे ठरवण्याचे काम, आणि त्याची वेळ महत्त्वाची आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला कातकरी कुटुंबे भट्टीवर असतात, १ मेला बरीचशी परतलेली नसतात, १५ ऑगस्टपर्यंत त्या वर्षीचा पावसाळा अर्धा सरलेला असतो. २ ऑक्टोबरला मात्र माणसे वाडीत असतात आणि उचल अजून हातात पडलेली नसते. यादी त्या सभेत वाचून मंजूर झाली तर प्रस्ताव डिसेंबरपर्यंत मंडळाकडे जातो आणि पुढच्या जूनआधी पैसे येण्याची आशा धरता येते.