किती सालचा टप्पा?

हार्टफोर्डचा ‘डार्क ब्लूज’ हा बेसबॉल संघ आज कुणाला आठवत असलाच, तर बहुधा एका छत्रीमुळे. १८ मे १८७५ रोजी बॉस्टनविरुद्धचा सामना बघायला मार्क ट्वेन गेले होते. ते आरडाओरडा करण्यात दंग असताना एका पोरानं त्यांची तपकिरी रेशमी छत्री लांबवली. ट्वेननी पेपरात जाहिरात दिली: छत्री आणणाऱ्याला पाच डॉलर, पोराचं प्रेत आणणाऱ्याला दोनशे! त्या दिवशी हार्टफोर्ड हरलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

संघ काही लेचापेचा नव्हता. त्यांचा पिचर कँडी कमिंग्ज. लहानपणी ब्रुकलिनमध्ये शिंपले फेकताना त्यांचं हवेतलं वळण त्यानं पाहिलं आणि चेंडूलाही असं वळवता येईल का, याचा ध्यासच घेतला, असं तो सांगायचा. १८७६ च्या सप्टेंबरात एकाच दिवशी दोन अख्खे सामने त्यानं एकट्यानं टाकले आणि दोन्ही जिंकले. त्याच वर्षी आठ संघांची नॅशनल लीग सुरू झाली. तिचा पहिला अध्यक्ष मॉर्गन बल्कली हार्टफोर्डचाच. एवढं असून गल्ला भरेना. १८७७ चे घरचे सामने संघ ब्रुकलिनला जाऊन खेळला, नाव मात्र हार्टफोर्डचंच. गाव सुटलं, आडनाव तेवढं राहिलं. वर्ष सरलं तसा संघही सरला. पुढे १९९७ मध्ये याच शहराचा हॉकी संघ दूर कॅरोलायनात गेला. त्याच्यासाठी लोक अजून हळहळतात. डार्क ब्लूजसाठी हळहळायला मागे उरलंय कोण?

पण अलीकडे इथे जुन्या नियमांचा बेसबॉल पुन्हा रंगू लागला आहे, तोही एलिझाबेथ कोल्टबाईंनी शहराला दिलेल्या उद्यानाच्या हिरवळीवर. जुन्या धाटणीचे सदरे, कमरेखालून टाकलेला चेंडू, आणि हातमोजे नाहीत. मला या खेळातलं सगळ्यात खरं वाटतं ते हेच उघडे हात. कपडे कुणीही शिवून घेईल. नुसत्या पंजात चेंडू आदळल्यावर निघणारी कळ मात्र प्रत्येकाला आपापली सोसावी लागते. धावफलक जपणाऱ्यांना ती जपता आली नाही. डार्क ब्लूजचा कॅचर डग ॲलिसन तिला चांगला ओळखून होता. इथे येण्याआधी, १८७० मध्ये सिनसिनाटीकडून खेळताना, सोललेले हात वाचवण्यासाठी त्यानं कातडी मोजे चढवले होते. बेसबॉलमधले हे पहिले मोजे मानले जातात. त्या काळी मोजे घालणं बायकीपणाचं समजत. हसणाऱ्यांनी जरा त्याच्या जागी उभं राहून बघायचं होतं!

आपल्या गल्लीतला ‘एक टप्पा आऊट’ तिथेही होता, म्हणून हा खेळ मला परका वाटत नाही. १८६४ पर्यंत हद्दीतला चेंडू एका टप्प्यावर झेलला तरी बॅटर बाद. पुढच्या वर्षापासून ही सवलत गेली. हद्दीबाहेर उडालेल्या चेंडूला मात्र डार्क ब्लूजच्या काळातही ती होती. आताच्या हौशी संघांपैकी कुणी १८६० च्या नियमांनी खेळतं, कुणी १८८० च्या दशकातल्या. त्यामुळे टप्प्यावर झेल पकडून नाचायला लागण्याआधी एवढं विचारून घ्यावं: आज साल कुठलं धरलंय?