साम्रदचा मुक्काम

अकोलें तालुक्याच्या पश्चिम टोंकास, रतनगडाच्या शेजारीं, सह्याद्रीच्या अगदीं कड्याशीं साम्रद नांवाचें लहानसें गांव आहे. चैत्रांत आम्ही तेथें गेलों तें सांदणची घळ पाहण्याच्या हौसेनें. दोहों बाजूंस उभे कातळ, मध्यें कोठें कोठें दोघांना जोडीनें चालतां येऊं नये एवढीच वाट, आणि वर आभाळाची एक निळी चिरफळी! घळींत शिरल्यावर बोलणेंहि आपोआप हलकें झालें.

मनांत राहिली ती मात्र आदल्या संध्याकाळची गोष्ट. मुक्कामाच्या घरीं म्हाताऱ्या बाईंनीं हंडा पुढें केला, आणि मीं शहरी संवयीनें अर्धा हंडा पायांवर ओतून घेतला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पहांटे बाहेर आलों तों त्या खालच्या झऱ्यावर वाटीवाटीनें पाणी भरीत बसलेल्या. पावसाळ्यांत येथें कोसळणारें पाणी घळीवाटें कोंकणांत उतरतें, उरलेलें १९२६ सालीं पुरें झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणांत जातें. गांवाच्या वांट्यास चैत्रांत हा झरा.

मी हंडा उचलूं लागलों.

"ऱ्हाऊं द्या पाव्हणं, सांडंल," बाई म्हणाल्या.